जुईसाठी खुरपं

आक्का, तुमची हत्यारं काल मी पुसली, त्यांना करडईच्या तेलाचा हात दिला आणि पुन्हा भिंतीवर टांगली. पहार, कुदळ, दोन कुऱ्हाडी, विळे, सुतारकामाचा तो जुना वाकस, कानशी. ज्या खिळ्यावर जे होतं त्याच खिळ्यावर. माझ्या नीटनेटकेपणाला तुम्ही आयुष्यभर हसलात. "मास्तरीणबाईच्या घरात मीठसुदिक रांगंत उभं ऱ्हातंय," असं आल्यागेल्याला सांगायचात. पण हत्यारांच्या भिंतीपाशी तुमची शिस्त माझ्याहून कडक होती. कुदळीच्या जागी विळा दिसला की आधी आवाज चढायचा, मग विचारपूस व्हायची.

एक खिळा रिकामा आहे. तिथल्या खुरप्यावरून आपलं भांडण चालू होतं आणि ते मिटायच्या आत तुम्ही गेलात. भांडणात शेवटचा शब्द नेहमी तुमचा. या वेळी तो माझ्याकडं आला, आणि मी तो वापरला. काय केलं ते तुम्हाला सांगायला हवं.

तेराव्यापर्यंत माणसांची रीघ होती. सगळ्यांनी तुमच्या कष्टांचं कौतुक केलं. एकजण म्हणाले, "बाई असून गड्यासारखं शेत केलं." त्यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला तिथं बसल्या बसल्या ऐकू आलं. "गड्यासारखं कशाला? गड्यांनी माझ्यासारखं करून दावावं." मी त्या गृहस्थांना चहा दिला आणि तुमच्या वतीनं हेच वाक्य जरा सभ्य करून सांगितलं. ते हसले नाहीत. तुम्ही असता तर हसले असते. टोचून बोलून माणसाला हसवणं मला कधी जमलं नाही.

मी बोलते आहे तुमच्याशी, पण हे वाचतील माझी नातवंडं, जुई आणि निहार. दोघंही नेदरलँड्समध्ये वाढली, मराठी सावकाश पण नीट वाचतात. तुम्ही त्यांच्या आजोबांची थोरली बहीण, त्यांची आत्याआजी. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं तेव्हा माहेरी परत आलात आणि भावाच्या शाळेच्या नोकरीत पडीक पडत चाललेलं रान हातात घेतलंत, एवढं त्यांना माहीत आहे. बाकीचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आणि इथं मुरुम गावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली. हत्यार म्हणजे माझ्या लेखी भाजी चिरायची सुरी. मी निवृत्त झाले, पाठोपाठ तुमचे भाऊ गेले, आणि घरात आपण दोघीच उरलो. एका शनिवारी सकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिलात.

"बघून बघून घड्याळाचे काटं झिजतील," म्हणालात. "उठ. बाजारला चल."

"कुठल्या बाजाराला?"

"शनवारच्या. सीमंच्या पल्याडच्या. जुनं लोखंड बघायचंय."

"शनिवारी लोखंड घेत नाहीत ना?"

"म्हून तर आजच जायचं."

जुई, निहार, आपल्याकडं शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणत नाहीत. शनी मागं लागतो म्हणतात. त्यामुळं शनिवारच्या बाजारात जुन्या लोखंडाचे विक्रेते पोत्यावर माल मांडून माश्या मारत बसतात. दुसऱ्या बाजारात जी चीज सकाळीच उठून गेली असती ती इथं दुपारपर्यंत तशीच पडून असते. तुमच्या आत्याआजीनं हे हेरलं होतं. "गिऱ्हाईक शनीला भितंय, आन् चांगला माल माझी वाट बघत बसतंय," असं तिचं गणित.

बरं, शनीला तुम्ही अगदीच उडवून लावत होतात असंही नाही, आक्का. शनिवारी घेतलेलं हत्यार त्या रात्री उंबऱ्याच्या आत यायचं नाही. फाटकाबाहेरच्या लिंबाच्या बेचक्यात ते मुक्कामाला, आणि रविवारी अंघोळ झाल्यावर घरात. मी म्हणाले, "एक तर माना, नाही तर मानू नका." तुम्ही म्हणालात, "शनीला त्याचा मान, मला माझं हत्यार. दोघांचं बी भागतंय. तुझं कशानं अडलं?"

माझं कशानंच अडलं नाही. मी येत राहिले.

तुम्ही उकिडव्या बसायचात, ढिगातून एकेक उचलायचात, नखानं टिचकी मारून कानाशी धरायचात. खणखणीत आवाज आला तर मांडीवर, बद्द आला तर परत ढिगात. मग मूठ काढायला लावून आत जाणारं लोखंडाचं टोक बघायचात, कारण बहुतेक खोट तिथं दडवलेली असते. मूठ फाटू नये म्हणून तोंडाशी बसवलेली शेंबी सैल असेल तर नाक मुरडायचात. विक्रेता भाव सांगू लागला की "बेडा, बेडा" म्हणून हात झटकायचात. कानडी तुम्हाला नको म्हणण्याइतकंच येत होतं, आणि बाजारात तेवढंच पुरतं, असं तुमचं मत.

माझं काम वाचण्याचं. जुन्या विलायती हत्यारांवर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. मी पदरानं गंज पुसून चष्मा लावून वाचायची. एकदा एकानं मोठी पक्कड दाखवून जर्मनची म्हणून शपथ घेतली.

"वाच की, मास्तरीण," तुम्ही म्हणालात.

मी वाचलं. "हा नमुना आहे, विक्रीसाठी नाही, असं लिहिलंय."

तुम्ही त्या माणसाकडं वळलात. "ऐकलंस? इकायचा न्हाई म्हनं. मग फुकट दे की, बाबा."

तो इतका हसला की पक्कड खरंच निम्म्यात देऊन टाकली. ती तिसऱ्या खिळ्यावर आहे.

नवं की जुनं, हा आपला कायमचा वाद. माझं म्हणणं, दुकानातून नवं घ्यावं, पावती घ्यावी, बिघडलं तर परत करावं. तुमचं म्हणणं, जुनं हत्यार कुणाच्या तरी हातानं तपासून झालेलं असतं, जे मोडायचं ते आधीच मोडून गेलेलं असतं. "नवं हत्यार म्हंजी नवी सून. कुठं वळंल ते सांगता येत न्हाई," असं माझ्याकडं बघत म्हणायचात.

"आणि जुनं म्हणजे सासू," मी म्हणायची. "वळतच नाही."

तुम्हाला एक गोष्ट कधी बोलले नाही. त्या बाजारातून तुमच्या मागं पिशवी धरून चालताना माझी मान ताठ व्हायची. तुम्ही येताना दिसलात की विक्रेते खराब माल पोत्याखाली सरकवायचे. एवढा दरारा मला वर्गात कधी मिळाला नाही. लोकांना वाटायचं, शिकलेली भावजय म्हातारीला सोबत करते. खरं उलटं होतं.

मग जुईचा तो फोन आला. गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी. तिनं तिकडं गावाबाहेर भाजी लावायला जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेतला होता. माती आपल्या काळ्या रानासारखी चिकट. तिनं दुकानातून आणलेलं खुरपं पहिल्याच आठवड्यात वाकलं होतं.

"आत्याआजी, तू मला तुझ्यासारखं एक पाठव ना," ती म्हणाली.

लहानपणी सुट्टीला आली की ती मेथीच्या वाफ्यात तुमच्याशेजारी बसायची, तेवढी तुमची तिची ओळख. फोन ठेवल्यावर तुम्ही माझ्याकडं वळलात. मग म्हणालात, "आजवर आपुन चिवडा धाडला, लाडू धाडले. पोरीनं मागितलं न्हवतं, आपुनच धाडलं. आज पैल्यांदा मागितलंय."

"उमरग्याहून आणू एखादं चांगलं," मी म्हणाले.

"दुसऱ्यानं निवडल्यालं चालायचं न्हाई. मी निवडीन. माझ्या हातनं तिच्या हातात."

तुमचं स्वतःचं खुरपं द्यायचं तर ते झिजून पळीएवढं झालेलं. म्हणून शोध सुरू झाला, आणि मला वाटलं होतं की आपल्या भागात खुरपं शोधायला काय वेळ लागतो. आपण शनिवारचे बाजार धुंडाळले. हिरव्या मुठींची खुरपी केळीच्या घडासारखी टांगलेली असायची. तुम्ही एक विकत घेतलंत, घरी आणून पायरीवर टाच देऊन वाकवलंत आणि मला दाखवलंत. "डब्याचा पत्रा हाय ह्यो. वरनं रंग दिलाय." आता तणावर औषध फवारतात, आठ दिवसांचं खुरपण एका दुपारी होतं, मग चांगलं खुरपं करणार कोण आणि घेणार कोण. जुनं तर बाजारात येतच नाही. पहार विकतात, कुऱ्हाड विकतात. खुरपं मात्र बाई गेली तरी घरातच राहतं, सून वापरते.

तेव्हा तुम्ही माणसांकडं विचारायला लागलात. तीन-चार गावं झाली, आणि शेवटी जळकोटच्या बाजूला गौराबाई सापडली. वयानं तुमच्याहून थोडी लहान, डोळे अधू झाल्यामुळं रानात जाणं सुटलेलं. ओट्यावर बसून तिनं तुमचं सगळं ऐकून घेतलं.

"नात कुठं असती म्हनला?"

"परदेशात."

"तितं बी तण असतंय?"

"तण कुठं न्हाई, गौराबाई?"

"मला वाटलं, सायबाच्या मुलखात नसंल." मग तिनं आतून खुरपं आणवलं. तुम्ही टिचकी मारलीत आणि माझ्याकडं बघितलंत. मलाही ऐकू आला तो आवाज. मंदिरातल्या घंटेचा शेवट कसा रेंगाळतो तसा.

"पैशाला न्हाई द्यायची," गौराबाई म्हणाली. "हत्याराला हत्यार. रीतच हाय."

तुम्ही तुमचा उत्तम विळा देऊन ते खुरपं घेतलंत आणि गाडीत घरापर्यंत पदराखाली धरून बसलात. मी म्हणाले, "पिशवीत ठेवा, लागेल." तुम्ही ऐकलं नाहीत.

त्या रविवारी फोनवर जुईला खुरपं दाखवलंत. तुमचा चेहरा असा मी फार थोड्या वेळा बघितलाय. ती तेव्हा तिच्या त्या तुकड्यावरच होती. तिनं फोन एका खोक्याला टेकवून ठेवला आणि आपल्याला दाखवायला म्हणून त्या वाकलेल्या खुरप्यानं खणायला बसली. डाव्या हातानं.

तुम्ही पुढं वाकलात. "पोरी, त्या हातानं कशापायी करायलीस? उजव्याला काय झालं?"

"काही नाही झालं. मी डावरीच आहे, आत्याआजी. पहिल्यापासून."

"आन् जेवतीस तर उजव्यानं."

"जेवते उजव्यानंच. आईनं लावलेली सवय. बाकी सगळं डाव्यानं."

इथं सुट्टीत तिला आपण जेवताना बघायचो, प्रसाद घेताना बघायचो, पाया पडून खाऊ घेताना बघायचो. हे सगळं उजव्या हाताचं, मग लेकरू डावरं असो की उजवं. आपल्याकडं जो उजव्या हातानं जेवतो तो उजवाच. त्यापुढं कोण कशाला बघतो.

फोन ठेवल्यावर तुम्ही माझ्यावर उखडलात. "घरात एक मास्तरीण हाय. पोरीच्या हातात पेन्सिल कधी बघितली न्हाईस?"

"ती सुट्टीला यायची, आक्का. सुट्टीत तिच्या हातात आंबा असायचा."

तुम्ही हसू दाबलंत, ते मला दिसलं. पण ते खुरपं आता जुईच्या उपयोगाचं नव्हतं. मला आधी कळेना की का. खुरप्याला उजवं-डावं काय असतं? तुम्ही ते माझ्या हातात दिलंत आणि पातं नजरेसमोर आडवं धरायला सांगितलंत. वर्षानुवर्षं उजव्या हातानं ओढून ओढून पातं एका बाजूला उतरलं होतं. त्याच हातात ते तणाच्या मुळाशी वळतं. दुसऱ्या हातात घेतलं की रोपाकडं वळतं, आणि तणाऐवजी रोप कापतं.

आपण ते गौराबाईकडं परत घेऊन गेलो. तिला इतकं हसू आलं की पाणी द्यावं लागलं. विळा परत घ्यायला तुम्ही तयार नव्हतात, म्हणून तोही तिच्याकडंच राहिला. एखादी डावरी बाई माहीत आहे का, असं तुम्ही विचारलंत.

"बाया असत्यात," ती म्हणाली. "डावं खुरपं नसतंय. रांगंत खुरपायला बसल्यावर डावरीचा हात शेजारणीला लागतंय. म्हून पोरीला लहानपणीच उजव्यावर आनत्यात."

म्हणजे डाव्या हातानं झिजलेलं जुनं खुरपं या मुलखात मिळणारच नव्हतं. परत येताना तुम्ही गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होतात. मुरुम जवळ आलं तेव्हा म्हणालात, "नवं करावं लागंल."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "म्हणजे नवी सून येणार," मी म्हणाले.

"येऊ दे. नांदवायची मला म्हाईत हाय."

दिवाळीनंतर हमरस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं पडली. रस्त्याकडेला भाता मांडून लोखंड घडवणारी ती माणसं. नवरा सांडशीत लाल लोखंड धरत होता आणि बायको घण घालत होती. तुम्ही त्यांच्या भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे तुकडे निवडायला बसलात. एकेक दगडावर आपटून ऐकलात. पाचव्या-सहाव्याला थांबलात. "ह्याचं कर."

खुरपं तयार होत आलं तेव्हा मी सांगितलं की हे डाव्या हातासाठी आहे. घिसाडी म्हणाला, "मग आधी सांगायचं की, बाई. कानशीनं एका अंगाला उतरवून देतो. आत्ता होतंय."

"छान," मी म्हणाले. "द्या."

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "सरळ दे."

त्याच्या बायकोनं घण खाली ठेवला आणि आपल्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "दोघींतली गिऱ्हाईक कोन?" तिनं विचारलं. तुम्ही छातीवर बोट ठेवलंत. खुरपं सरळ घडलं.

वाटेत मी खूप बोलले. काम अर्ध्या तासात होत होतं, आता ते उतरवणार कोण, आणि कशानं? तुम्ही म्हणालात, "कानस सगळीकडनं सारखं खाती. हात तसा खात न्हाई. जितं जोर पडंल तितंच झिजवतंय." मला हे पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही. चांगला कारागीर कानशीनं तेच करू शकला असता असं मला वाटतं, आणि तुमच्यासमोर हे म्हणायची संधी मला आणखी हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही लसणाच्या वाफ्यात बसलात आणि नवं खुरपं डाव्या हातात धरलंत.

तुम्ही डावऱ्या नव्हतात. आयुष्यभर उजव्या हातानं खुरपलेलं. पहिले काही दिवस तणापेक्षा लसूणच जास्त निघाला. कामाला येणाऱ्या बायकांना करमणूक झाली. सोजर म्हणाली, "आक्का, ह्या वयात हात बदलला व्हय?"

"हात बदललाय. जीभ तीच हाय. तुझी पात बघ, रांगंत मागं ऱ्हायलीस."

लसूण झाला, मेथी झाली, कोथिंबीर झाली, मग कांदा. रोज दोन-दोन वाफे, आणि संध्याकाळी विहिरीच्या कडेच्या दगडावर धार. आधी मी हसले, मग वैतागले. गुडघ्यांनी तुम्हाला नीट उठवत नव्हतं. वाफ्यातून उठताना तुम्ही खुरपं जमिनीत रोवून त्याच्यावर भार द्यायचात, आणि मी बघतेय असं दिसलं की तिथंच बसून राहून उगीच तण शोधायचात.

"आता पाठवून देऊ," मी संक्रांतीला म्हणाले. "उरलेलं ती झिजवेल. तिचा हात डावाच आहे."

"आर्धं शिजल्यालं कुनी ताटात वाढतंय व्हय?"

"एका खुरप्यासाठी एवढा जीव काढायचा?"

तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोललाच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तुम्ही दाराशी बसून शेंगा सोलत होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू तिला लिवतीस, सुमन. पुस्तकं धाडतीस. मला कुठं लिवता येतंय." पुढं काहीतरी म्हणणार होतात. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही शेंगा घेऊन उठलात. ते वाक्य तिथंच राहिलं. मी परत कधी "पाठवून देऊ" म्हणाले नाही, आणि समजलं असंही सांगितलं नाही.

एक मात्र तुम्ही मला बजावलं होतं. जुईला यातलं काही कळवायचं नाही. "पोरीला ओझं वाटंल. हत्यार हलकं असावं."

शिवरात्रीनंतर एका दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत. खुरपं खिळ्यावर होतं, धुतलेलं, कोरडं.

श्रीधर आला. तुमचा लाडका भाचा, जुईचा बाप, तुमच्यासाठी अजून शाळकरी. तेरावा झाल्यावर तो बॅग भरत होता, तेव्हा मी ते खुरपं काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ ते हातात फिरवत राहिला.

"आई, हे इथंच राहू दे," तो म्हणाला. "आत्याची शेवटची वस्तू आहे. जुईला मी तिकडून चांगलं घेऊन देईन. आणि तूच म्हणतेस ना, आत्याच्या मते हे अजून झालेलं नव्हतं."

त्याचं चुकत नव्हतं. तुम्ही स्वतः ते अपुरं म्हणाला होतात. अपुरं हत्यार तुमच्या नावानं पाठवलं आणि ते जुईच्या हातात रोपाकडं वळलं तर? तुमच्या नावाला बट्टा लावायचा मला अधिकार नव्हता. आणि भिंतीवर ते शोभलं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवता आलं असतं.

मी माझी शाळेतली स्टीलची पट्टी आणली. टिचकीचा आवाज मला तुमच्याइतका कळत नाही, पण पट्टी मला कळते. दारात उभं राहून मी ती पात्याच्या धारेला लावली आणि उजेडाकडं धरली. एका टोकाला पट्टी आणि पातं घट्ट चिकटलेलं. दुसऱ्या टोकाकडं जाताना दोन्हींच्या मधून उजेडाची एक बारीक फट, केसाएवढी, पुढं पुढं रुंद होत गेलेली. गौराबाईचं पातं ज्या बाजूला उतरलं होतं, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला.

श्रीधरलाही मी ती फट दाखवली. या वयाच्या बाईनं, न वळणाऱ्या हातानं, एका हिवाळ्यात ट्रकच्या पाट्याला वळण लावलं होतं. आक्का, आयुष्यात मला ज्यांचा अभिमान वाटला अशी बरीच माणसं आहेत, काही माझे विद्यार्थीही आहेत. त्या दारात उभी असताना जसं वाटलं तसं त्यांच्यापैकी कुणासाठी वाटलेलं नाही.

"भिंतीला काय खुरपायचंय?" मी म्हणाले. "घेऊन जा."

तुमच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यानं ते सामानाच्या बॅगेत तळाशी ठेवलं.

त्यानंतर तिकडं थंडी सरेपर्यंत काही कळलं नाही. रोज वाटायचं, विचारावं. विचारलं नाही. गेल्या रविवारी जुईचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज होता. ती तिच्या तुकड्यावर होती, कांद्याच्या रोपांमधलं तण काढत होती. आत्याआजीबद्दल थोडं बोलली, थोडं रडली. मग म्हणाली, "आजी, खुरपं फार छान आहे. हातात घेतलं की आपोआप तणाकडं वळतं. रोपाला लागतच नाही. माझ्यासाठीच केल्यासारखं आहे."

"हो का," मी म्हणाले.

"तो लोहार भारी असणार. डाव्या हाताचं इतकं बरोबर कसं केलं त्यानं?"

"हो, चांगला होता," एवढंच मी म्हणाले आणि तुमचा शब्द पाळला. पण आक्का, आता तो पाळायचा नाही असं मी ठरवलंय. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, मला येतं, आणि तिला वाचता येतं. रागवायचं तर रागवा.

जुई, त्या माणसानं खुरपं सरळच दिलं होतं.